व्हिडिओ एडिटिंगसाठी पहिला पीसी: आधी फाइल बघा, मग प्रोसेसर

पार्ट निवडायला बसलं की गाडी हमखास प्रोसेसरपासून सुटते. आय७ घेऊ की रायझन ९, असा वाद घालत घालत ती कॅबिनेटच्या काचेवर येऊन थांबते. एडिटिंगच्या मशीनसाठी हा क्रम उलटा आहे. मशीनवर किती भार पडणार ते कॅमेऱ्यातून निघालेली फाइल ठरवते. दोन फाइलींवर ‘फोर के’ असंच लिहिलेलं असतं. एक साध्या मशीनवर निमूट चालते आणि दुसरी महागड्या मशीनलाही दर दोन सेकंदांनी अडखळायला लावते.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या, नेहमीच्या शूटमधली एक क्लिप त्यात उघडा आणि एवढं कागदावर टिपून ठेवा: फॉरमॅट (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), रिझोल्यूशन, बिटरेट (सेकंदाला किती डेटा), फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) आणि तो स्थिर आहे की बदलता, बिट डेप्थ (रंगछटांचा बारकावा) ८ की १०, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती साठवली) ४:२:० की ४:२:२. पुढची निम्मी खरेदी या कागदावरून ठरते.

क्लिप अडकते कशामुळे?

एच.२६४ आणि एच.२६५ फाइली लहान राहतात, कारण त्यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. साधारण अर्ध्या-एक सेकंदाला एक फ्रेम अख्खी असते आणि मधल्या फ्रेममध्ये आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. सरळ बघताना याने काही बिघडत नाही. टाइमलाइनवर मात्र आपण पुढे-मागे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला मशीनला मागची अख्खी फ्रेम शोधून तिथपासून हिशेब जुळवत यावं लागतं. उलट्या दिशेने स्क्रब करताना हाल जास्त होतात ते यामुळेच. एडिटिंगसाठीच बनवलेल्या प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. तिथे प्रोसेसर निवांत असतो, पण डिस्कवर ताण येतो.

हे उलगडण्याचं काम करायला ग्राफिक्स चिपमध्ये एक वेगळा छोटा भाग असतो. त्याला तुमचा फॉरमॅट कळत असेल तर प्रोसेसर जेमतेम जागा होतो. कळत नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि सोळा कोअर असूनही प्लेबॅक अडकत चालतो. ८-बिट ४:२:० एच.२६४ आजच्या जवळपास सगळ्या कार्डांना कळतो. गोम ४:२:२ मध्ये आहे.

एच.२६५, १०-बिट, ४:२:२ हा प्रकार इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ११व्या पिढीपासून हार्डवेअरमध्ये उलगडता येतो. क्विक सिंक म्हणतात ते हेच. इंटेलच्या आर्क कार्डांनाही येतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना येत नाही, मग कार्ड कितीही मोठं असो. ही सोय आरटीएक्स ५० मालिकेत आली. रायझन ७००० आणि ९००० च्या पोटात जे छोटं ग्राफिक्स असतं त्यालाही ४:२:२ जमत नाही. आणखी एक कोपरा आहे: एच.२६४ मध्येच १०-बिट ४:२:२ लिहिणारे कॅमेरे. त्या फाइलींना इंटेलच्या १४व्या पिढीपर्यंतच्या क्विक सिंकचाही आधार नाही. आरटीएक्स ५० मध्ये तो आहे, पण एडिटिंग सॉफ्टवेअरची आवृत्तीही तेवढीच नवी लागते.

यावरून एक रोखठोक नियम निघतो. तुमचं फुटेज एच.२६५ ४:२:२ असेल आणि आरटीएक्स ५० मालिकेतलं किंवा इंटेल आर्क कार्ड घ्यायचं नसेल, तर ग्राफिक्स असलेला इंटेल प्रोसेसर घ्या. ज्याच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे तो घेऊ नका. ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो आणि नेमकी हवी ती गोष्ट हातची जाते. मशीन जोडून झाल्यावर बायोसमध्येही (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) एक काम उरतं: वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशा नावाचा पर्याय चालू करा. नाहीतर क्विक सिंक पेटीत असूनही सॉफ्टवेअरला ते दिसत नाही. मॉनिटरची केबल मात्र ग्राफिक्स कार्डालाच लावायची.

आणि वरचं सगळं टाळायचा एक मार्ग आहेच: प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलींच्या हलक्या प्रती. रात्री मशीनला प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबीच्या १०८०पी प्रती करायला लावा, सकाळी त्यांवर एडिट करा, एक्स्पोर्ट मूळ फाइलींवरून करा. ज्याला ही सवय आहे त्याचं काम प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊनही भागतं. स्पेकशीटवर याचा उल्लेख नसतो, म्हणून बहुतेकांना हे मशीन घेतल्यानंतर कळतं.

प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरची भूक सारखी नसते. डा विन्ची रिझॉल्व्ह कलर, नॉइज रिडक्शन आणि बहुतेक इफेक्ट ग्राफिक्स कार्डावर टाकतं, म्हणून तिथे मोठा वाटा कार्डाला द्यावा. प्रीमियर प्रो प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही कामाला लावतं. मोशन ग्राफिक्सच्या आफ्टर इफेक्ट्सला एकेका कोअरचा वेग आणि भरपूर रॅम लागते. तिथे नुसते कोअर वाढवून फारसं काही हाती लागत नाही.

पहिल्या मशीनला आठ दमदार कोअर ही बरी सुरुवात आहे: रायझन ७ ९७००एक्स, किंवा इंटेलकडे आय५ १४६००के, ज्यात सहा मोठे आणि आठ छोटे कोअर आहेत. रोज तासाभराच्या फाइली एक्स्पोर्ट होणार असतील तर रायझन ९ ९९००एक्स किंवा कोअर अल्ट्रा ७ २६५के. त्याच्या वर जाण्याआधी ते पैसे कार्डाच्या मेमरीत किंवा दुसऱ्या एसएसडीत घालता येतील का, हे बघा. बहुतेक वेळा तिथेच ते जास्त कामाला येतात.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिप घेताना एक गोष्ट पक्की करा. जास्त व्होल्टेजमुळे या चिप हळूहळू अस्थिर होत होत्या. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडमधून (चिपच्या आतल्या सूचना) त्यावर उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो उपाय बायोस अपडेटमधून येतो. म्हणजे मशीन चालू झाल्यावर विंडोजच्याही आधी बायोस अपडेट. ‘नंतर बघू’ इथे चालत नाही. वापरलेली चिप स्वस्तात मिळत असेल तर ती जुन्या बायोसवर किती काळ चालली हे कळायला मार्ग नसतो, म्हणून या दोन पिढ्यांत वापरलेला माल टाळलेला बरा.

रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरणार असाल तर तिच्या मर्यादाही आताच मोजा: ३८४० × २१६० आणि सेकंदाला ६० फ्रेम यापलीकडे ती एक्स्पोर्ट करत नाही, आणि हार्डवेअरमधून फाइली उलगडण्याची पूर्ण सोय विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे. मोठं कार्ड घेऊन मोफत आवृत्ती चालवण्यापेक्षा एक पायरी लहान कार्ड आणि स्टुडिओचं लायसन्स, हा सौदा अनेकदा सरस ठरतो.

कार्डाची मेमरी

ग्राफिक्स कार्डात वेगाआधी मेमरी बघा. हिशेब सोपा आहे. ३८४० × २१६० ची एक फ्रेम म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. रिझॉल्व्ह आतून ३२-बिट फ्लोटमध्ये काम करतं. चार चॅनेल धरले तर एका पिक्सेलला १६ बाइट, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १३३ एमबी. टेम्पोरल नॉइज रिडक्शनला आजूबाजूच्या फ्रेमही हाताशी लागतात, प्रत्येक नोड (रंगकामाची एक पायरी) आपली जागा घेतो, वर विंडोज आणि मॉनिटर. मेमरी संपली की वेग कमी होऊन भागत नाही, ‘जीपीयू मेमरी फुल’ असा निरोप येतो आणि रेंडर तिथेच थांबतो.

१०८०पीसाठी ८ जीबी चालेल. फोर के कामाला १२ जीबी हा तळ समजा, १६ जीबी असेल तर श्वास घेता येतो. एकाच नावाचं कार्ड दोन मेमरींमध्ये येतं हे विसरू नका: आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीतही मिळतं आणि १६ जीबीतही. बॉक्सवरचा आकडा वाचूनच घ्या. एडिटिंगला १६ जीबीचं ५०६० टीआय हे शहाणपणाचं कार्ड आहे. गेमिंगवाल्यांच्या चाचण्यांत ते फार चमकणार नाही, तिकडे लक्ष देऊ नका.

रॅम

३२ जीबीपासून सुरुवात करा. आफ्टर इफेक्ट्स किंवा फ्यूजन (रिझॉल्व्हमधला इफेक्टचा भाग) रोजचं असेल तर ६४. आफ्टर इफेक्ट्समध्ये १६-बिट प्रोजेक्टची एक यूएचडी (३८४० × २१६०) फ्रेम ६६ एमबीच्या आसपास जाते; सेकंदाला २५ फ्रेमने दहा सेकंदांचा प्रिव्ह्यू म्हणजे १६ जीबीपेक्षा जास्त. ३२ जीबीतून विंडोज, ब्राउझर आणि प्रोग्रॅम वजा करा, मग दुसऱ्या प्रिव्ह्यूला काय उरतं ते दिसेल.

दोनच स्टिक घ्या, एकाच पाकिटातल्या. १६ च्या दोन किंवा ३२ च्या दोन. ‘आता दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत डीडीआर५ मध्ये गळ्याशी येतो. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार स्टिकवर तो ३६०० वर येतो. पुढे ६४ लागणार असं वाटत असेल तर आजच ३२ च्या दोन घ्या. चार खाचांच्या बोर्डवर दोन स्टिक प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात, त्यांवर बहुधा ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं.

स्टिकवर ६००० छापलेलं असलं तरी मशीन चालू केल्यावर रॅम ४८०० च्या आसपासच धावते. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला छापील वेग देणारा पर्याय, चालू करावा लागतो. हे न करता वर्षानुवर्षं चालवलेली मशीनं कमी नाहीत.

एएम५ (रायझन ७०००-९००० चा सॉकेट) बोर्डवर पहिल्यांदा बटण दाबलं की पंखे फिरतात, रॅमचा दिवा पेटलेला राहतो आणि पडदा काळा. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. बायोस रीसेट केल्यावर किंवा एक्स्पो चालू केल्यावरही असंच होतं. घाबरून मधेच वीज तोडली की सगळं पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं हात मागे बांधून उभं राहा. त्यानंतरही काहीच नाही, तर स्टिक काढून एकेक लावून बघा.

स्टोरेज

इथे पुन्हा तो कागद काढा. १०० मेगाबिट बिटरेटच्या फाइलीला सेकंदाला १२.५ एमबी लागतात, तासाला ४५ जीबी. प्रोरेस ४२२, यूएचडी, ३० फ्रेम: ५८९ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ७४ एमबी आणि तासाला २६५ जीबी. चार कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम झाला की सेकंदाला जवळपास ३०० एमबी. एकटी हार्ड डिस्क साधारण १५० ते २५० देते, तेही एकाच फाइलीचं सलग वाचन असेल तर. चार ठिकाणांहून एकदम मागितलं की तिचं डोकं नुसतं इकडून तिकडे पळत राहतं. साटा एसएसडी (केबलने जोडायची) ५५० च्या आसपास, जेन ४ एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी) ७००० पर्यंत. आकडे मांडल्यावर लक्षात येतं की ५५० वालीसुद्धा बहुतेक कामाला पुरते आणि जेन ५ च्या मागे धावायचं कारण नाही.

मांडणी अशी ठेवा: १ टीबी एनव्हीएमईवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, २ टीबी एनव्हीएमईवर चालू प्रोजेक्ट आणि कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली), आणि झालेलं काम हार्ड डिस्कवर. कॅशेची जागा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः बदलावी लागते. न बदलल्यास ती गुपचूप सी ड्राइव्ह भरत राहते आणि एक दिवस विंडोज कुरकुरायला लागतं.

एसएसडीत क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) प्रकारापासून जपा. बॉक्सवरचा लिहिण्याचा वेग आतल्या छोट्या जलद भागाचा असतो. शे-दोनशे जीबीचं कार्ड एकदम उतरवलं की तो भाग भरतो आणि वेग हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो. चालू प्रोजेक्टच्या ड्राइव्हला टीएलसी (पेशीत तीन बिट) आणि शक्यतो डीरॅम कॅशेवाली घ्या, आणि १५-२० टक्के जागा रिकामी राहू द्या. हार्ड डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे सुटे) आहे ना ते डेटाशीटवर बघा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवलेल्या) डिस्कवर पुन्हा पुन्हा लिहायला गेलं की ती रडवते. आणि मूळ फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. रेड (दोन डिस्कवर एकच डेटा आरशासारखा ठेवणं) हा बॅकअप नव्हे: चुकून डिलीट केलेली फाइल तो दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानाने डिलीट करतो.

मदरबोर्ड

बोर्डवर दिव्यांपेक्षा पोर्ट आणि खाचा मोजा. किमान दोन, जमल्यास तीन एम.२ खाचा, ज्यांत एनव्हीएमई बसते. मॅन्युअलमधला लहान अक्षरांतला तक्ता खरेदीआधी वाचाच: काही बोर्डांवर एक विशिष्ट एम.२ खाच भरली की दोन साटा पोर्ट बंद होतात, काहींवर ग्राफिक्स कार्डाच्या लेन (डेटाचे मार्ग) निम्म्या होतात. ‘हार्ड डिस्क दिसतच नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं. कार्ड रीडरसाठी १० गिगाबिटचा यूएसबी पोर्ट, आणि पुढे नेटवर्कवर स्टोरेज ठेवायचं असेल तर २.५ गिगाबिट लॅन.

बोर्ड कपाटात पडून राहिलेला असला तर त्यातला बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही आणि मशीन चालूच होत नाही. म्हणून प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस भरता येईल असं फ्लॅशबॅक बटण असलेला बोर्ड घ्या. पुढे नुसता प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ बरा. एएमडीने त्याला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचं जाहीर केलंय. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट १४व्या पिढीवर संपला.

एसएमपीएस

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. त्याचा हिशेब असा: प्रोसेसरची कमाल ओढ अधिक कार्डाची ओढ अधिक बाकीच्यांसाठी ७५ वॅट. आय५ १४६००के १८१, आरटीएक्स ५०७० २५०, बेरीज पाचशेच्या वर; ७५० घ्या. रायझन ७ ९७००एक्स ८८ वॅटवर थांबतो, ५०६० टीआय १८०. तिथे ६५० भरपूर. हा वरचा वाव कार्ड क्षणभर दुप्पट वीज ओढतं तेव्हासाठी लागतो, एटीएक्स ३.० आणि त्यापुढचे एसएमपीएस असे झटके सोसण्यासाठीच आखलेले आहेत. ‘८० प्लस गोल्ड’ म्हणजे वीज वाया किती जाते एवढंच, आतल्या मालाच्या दर्जाचं ते प्रमाणपत्र नव्हे.

केबलींबाबत दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. मॉड्युलर (सुट्या केबलींच्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, आणि खटकन बसलेली केबल सगळ्या डिस्क जाळू शकते. आणि आठ पिनांच्या दोन केबली सारख्या दिसतात: चार-चार फुटते ती प्रोसेसरची, सहा-दोन फुटते ती कार्डाची. नव्या कार्डांचा सोळा पिनांचा कनेक्टर शेवटपर्यंत आत जायला हवा, फट दिसता कामा नये, आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळतो.

कूलर, कॅबिनेट, मॉनिटर

गेममध्ये भार चढउतार करतो, एक्स्पोर्टमध्ये तासभर सगळे कोअर पूर्ण भारावर. तरीही २०० वॅटच्या आतल्या प्रोसेसरला दोन १२० मिमी पंख्यांचा चांगला टॉवर कूलर पुरतो. त्याची उंची १५५-१६० मिमी असते, कॅबिनेटचा आकडा त्याहून मोठा हवा. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढा. ती तशीच ठेवून नव्वदी पार गेलेलं तापमान बघत बसणारे दरवर्षी भेटतात. कॅबिनेट समोरून जाळीचं. काच समोर असेल तर नको.

बरेच बोर्ड इंटेलच्या वॉटमर्यादा मूळ सेटिंगमध्येच मोकळ्या सोडतात, त्या बायोसमध्ये इंटेलच्या आकड्यावर आणून ठेवा. रायझन ७०००-९००० ची कमाल ९५ अंश आहे. आवाज नको असेल तर इको मोड (वीज कमी ओढायची सेटिंग) लावा. एक्स्पोर्टचा वेळ थोडाच वाढतो.

मॉनिटर आयपीएस, एसआरजीबी (वेबचे प्रमाण रंग) जवळपास १०० टक्के, २७ इंच. रेक ७०९ (एचडी व्हिडिओचं रंगमानक) चे मूळ रंग एसआरजीबीचेच असल्यामुळे वेबच्या कामाला एवढं बास. ‘एचडीआर ४००’ च्या शिक्क्यासाठी जास्त मोजू नका, त्यावर एचडीआर ग्रेडिंग होत नाही.

जोडून झाल्यावर

रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे आधी, एक्स्पो चालू ठेवून. एक जरी चूक आली तरी रॅमचा वेग एक पायरी खाली आणून पुन्हा. चुका घेऊन चाललेलं मशीन प्रोजेक्ट फाइलच बिघडवून ठेवतं. मग तुमच्याच फुटेजची तासाभराची टाइमलाइन, नॉइज रिडक्शनसकट, एक्स्पोर्टला लावा. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेवून प्रोसेसरचं तापमान, कार्डाची मेमरी आणि घड्याळगती बघत राहा. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख असतो, क्लिप चालू असताना तो सपाट शून्यावर असेल तर फाइल हार्डवेअरमधून उलगडतच नाहीये. अशा वेळी आधी सॉफ्टवेअरमधलं हार्डवेअर डिकोडिंग, मग ड्रायव्हर, मग बायोसमधलं आतलं ग्राफिक्स, या क्रमाने तपासा. फोनवरच्या शूटचा आवाज हळूहळू सरकत असेल तर दोष पार्टचा नाही. फ्रेमरेट बदलता आहे, हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर करून घ्या. हे सगळं पार्ट बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत उरका, आणि तोवर एकही खोका टाकू नका.